शेवटच्या तारखेचा मंगळवार

सकाळी ६.३०

डबा भरता भरता रात्रीत आलेले मेल वाचून काढते. कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करणाऱ्याला आपले विद्यार्थी कधी जागे असतात हे मेलच्या वेळेवरून कळतं. कोणी गोदामातली पाळी संपवून पहाटे अडीचला लिहितं, कोणी बाळ झोपल्यावर मध्यरात्री. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: माझे पैसे कधी येणार?

आज २ सप्टेंबर २०२५. काल लेबर डेची सुट्टी होती, म्हणजे दोन दिवसांची गर्दी आज येणार. त्यातून आज शेवटची तारीख. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कॅल ग्रँटसाठी, म्हणजे राज्याच्या मदतीसाठी, वर्षातून दोन मुदती मिळतात, एक मार्चमध्ये आणि दुसरी आज. मार्चमध्ये ज्यांना आपण कॉलेजात जाऊ असं वाटतही नव्हतं, त्यांच्यासाठी ही दुसरी तारीख आहे. आमच्या रांगेतली निम्मी माणसं तशीच असतात. ज्याने कोणी ही तरतूद केली त्याचे मी मनापासून आभार मानते.

७.४५

ऑफिस उघडायला वेळ आहे. दारामागच्या फळ्यावर मी दर सत्राच्या सुरुवातीला एक हिशेब लिहून ठेवते. राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत फी एका युनिटला ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच. पूर्ण वेळ शिकायचं तर सत्राला किमान १२ युनिट. म्हणजे ५५२ डॉलर. आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर प्रॉमिस ग्रँट ही फीसुद्धा माफ करते.

मग एवढी रांग कशासाठी, असं भारतातून आलेले पाहुणे मला विचारतात. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असा त्यांचा समज असतो. आमच्या ईस्ट बेमध्ये साधी एक खोली भाड्याने घ्यायची तर महिन्याला हजार डॉलरच्या वर जातात. गाडी, पेट्रोल, विमा, पुस्तकं, मुलाचं पाळणाघर हे सगळं त्यापुढे. म्हणून इथे केंद्र सरकारची पेल ग्रँट फीच्या कामी फारशी येतच नाही. फी आधीच माफ असते, त्यामुळे पेलचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जातात आणि त्यातून घरभाडं भरलं जातं. यंदा पेलची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. ती परत फेडायची नसते. महागड्या विद्यापीठात ही रक्कम समुद्रात विरघळून जाते. इथे तिच्यावर एक घर काही महिने उभं राहतं. कम्युनिटी कॉलेजात पेलचं मोल सगळ्यांत जास्त आहे असं मी म्हणते ते यामुळे.

८.३०

दार उघडलं. पहिलाच मुलगा एकोणीस वर्षांचा, जन्म ओकलंडचा. म्हणजे अमेरिकन नागरिक, पेलला पूर्ण पात्र. फॅफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज, अजून भरलेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "वडील नको म्हणतात."

चोवीस वर्षांखालच्या मुलाचं लग्न झालेलं नसेल, मूल नसेल, तो सैन्यात नसेल, अनाथ किंवा बेघर नसेल, तर कायदा त्याला आईवडिलांवर अवलंबून धरतो. तो स्वतंत्र राहत असला, स्वतःचं पोट स्वतः भरत असला तरीही. अर्जात वडिलांनी स्वतःचं खातं उघडायचं, कर खात्याकडची माहिती घ्यायला संमती द्यायची. वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी आता तसं खातं उघडता येतं. पण या मुलाच्या वडिलांकडे कागदपत्रंच नाहीत. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते कित्येक वर्षं राबतायत. आपलं नाव आणि पत्ता आपल्याच हाताने केंद्र सरकारच्या संगणकात घालायचा, तोही धरपकड चालू असलेल्या या वर्षी, हे त्यांना जमणारं नाही.

दुसरी वाट आहे. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज राज्यापुरताच राहतो. तो मूळचा कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी होता. आता अशा मिश्र घरांतल्या मुलांनाही तो भरता येतो. त्यावर फीमाफी मिळते, कॅल ग्रँट मिळू शकते. पेल मिळत नाही, केंद्राची वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवरचं पगारी काम, तेही नाही. मी दोन्ही बाजू कागदावर मांडून दिल्या. काय गमावतोय तो आकडाही लिहिला. सल्ला दिला नाही. भीती त्या घराची आहे, किंमतही तेच घर मोजणार आहे, आणि माझी नोकरी तर पगाराची. तो बाहेर जाऊन वडिलांशी स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलला. परत आला आणि म्हणाला, "राज्याचा भरू या."

अर्ज भरायला वीस मिनिटं लागली. पूर्ण हक्काचे हजारो डॉलर एका शांत मुलाने बापासाठी सोडले. अशा वेळी मला या देशाच्या धोरणाचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

१०.१५

रांग हलतेय. एकाला पासवर्ड आठवत नाही, एकीने सही करायची राहिलीय, एकाने आईच्या रकान्यात आजीची माहिती भरलीय. हे सगळं पटापट उरकतं.

मग एक मुलगी येते. तिची आई मार्चपासून बेकार आहे आणि पेल मात्र शून्य दाखवतेय. ही तक्रार दर महिन्याला येते. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२५-२६ च्या अर्जाला २०२३ चं कर-विवरणपत्र. त्या वर्षी आईला चांगला पगार होता, म्हणून कागदावर हे घर अजून सुस्थितीत आहे.

कायद्याने आम्हाला इथे एक अधिकार दिला आहे. परिस्थिती बदलल्याचा पुरावा असेल तर कॉलेजचा अधिकारी अर्जातले आकडे हाताने बदलू शकतो. नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याची पावती, या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज एवढं जमवायचं. प्रत्येक घर वेगळं म्हणून प्रत्येक निर्णयही वेगळा, कारण लिहून ठेवायचं. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात जबाबदारीचा वाटतो. वाईट एवढंच की हा अधिकार आहे हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. शून्य आकडा बघून किती मुलं न विचारताच निघून जात असतील! मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: घरचं उत्पन्न घटलं असेल तर आम्हाला सांगा.

११.१५

खिडकीवर बसलेली मुलगी वर्क-स्टडीवाली. नर्सिंगला जायचंय तिला, सध्या त्याआधीचे विषय करते, शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्र. दोन वर्गांच्या मधल्या वेळात इथे येते. माझ्यापेक्षा नीट समजावते ती. तिने स्वतः हा अर्ज भरलाय, तिची स्वतःची ग्रँट एकदा अडकली होती.

एक मुलगा तिला विचारत होता, "माझ्या पत्रात वर्क-स्टडी ३,००० लिहिलंय, ते खात्यात का आले नाहीत?" हा गोंधळ दर सत्रात होतो, आणि दोष त्या पत्राचा आहे. ग्रँट आणि वर्क-स्टडी एकाखाली एक छापलेलं असतं, म्हणून दोन्ही सारखंच वाटतं. ग्रँट मिळते. वर्क-स्टडी कमवावी लागते. आधी कॅम्पसवर काम शोधायचं, मग तास भरायचे, मग इतर नोकरदारांसारखा पगार. कॅलिफोर्नियात यंदा किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर. ३,००० ला भागलं तर साधारण १८२ तास. आठवड्याला दहा तास काम केलं तर अठरा आठवड्यांत संपतं. मुलीने त्याच्यासमोर कागदावर हा भागाकार करून दाखवला.

या योजनेचा जन्म १९६४ चा, लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी कायद्यातला. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला उच्च शिक्षण कायद्यावर सही करायला जॉन्सन टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला गेले, स्वतःच्या कॉलेजात. तिथे शिकताना त्यांनी झाडूकाम केलं होतं, प्राचार्यांच्या कचेरीत निरोप्या म्हणून धावपळ केली होती. तरी फी पुरेना म्हणून १९२८ मध्ये शिक्षण थांबवून कोटुला या गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवायला गेले. पैशांसाठी वर्ग सोडायची वेळ येणं म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्याला अनुभवाने ठाऊक होतं. म्हणूनच असेल, योजनेची बांधणी चांगली आहे. पगारातला पाऊण वाटा बहुधा केंद्र देतं, उरलेला कॉलेज. मुलांना वाचन शिकवण्यासारख्या काही कामांना केंद्र पूर्ण पैसे देतं. आणि इथे कमावलेले पैसे पुढच्या वर्षीची ग्रँट ठरवताना उत्पन्नात धरले जात नाहीत. बाहेर कॅफेत कमावलेले धरले जातात.

पण पैशांच्या वाटपात खोट आहे. कोणत्या कॉलेजला किती रक्कम हे बऱ्याच अंशी पूर्वी किती मिळत होती त्यावर ठरतं. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या, श्रीमंत विद्यापीठांकडे भरपूर, आणि गरीब विद्यार्थी जिथे खरोखर शिकतात त्या कम्युनिटी कॉलेजांकडे थोडी. आमच्याकडे पात्र विद्यार्थी पुष्कळ आणि जागा मोजक्या. लवकर अर्ज करील त्याला, असा नियम करावा लागतो. आज अर्ज भरणाऱ्याला वर्क-स्टडी यंदा मिळणार नाही हे सांगायचं काम माझ्याकडे येतं.

दुपारी १२.४५

पोळीभाजी. जेवताना साताऱ्याची आठवण येते, कारण मीही अशाच कामावर शिकले. छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका'मध्ये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह, आणि १९४७ मध्ये हे कॉलेज, श्रमावर शिक्षण ही कल्पना पायाशी ठेवून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळाली होती. मी ग्रंथालयात पुस्तकांना वेष्टनं घालायचे, जोडीला मैत्रीण बागेत. ते काम आम्हाला कमीपणाचं कधी वाटलं नाही, कारण तिथे सगळेच काम करत होते. इथल्या विद्यार्थ्याला वर्क-स्टडी ही त्याच्या गरिबीची खूण वाटते, आणि तो ती मित्रांपासून लपवतो. सातारच्या पद्धतीतली ही एक गोष्ट मला इथे आणता आली तर आणायची आहे. खिडकीवरच्या मुलीची ओळख करून देताना मी 'आमची सहकारी' म्हणते, ते यासाठीच.

१.३०

एक मराठी आई आणि मुलगी. आई नाशिकची. माझ्या नावाची पाटी वाचून चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही मराठी! बरं झालं. हिला कम्युनिटी कॉलेजला घातलंय हे अजून कोणाला सांगितलं नाहीये हो आम्ही. सगळ्यांची मुलं बर्कलीला नाहीतर..."

"सांगा की. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्या दोघी त्यांच्या कुटुंबीय म्हणून एच-४ वर. मुलगी चार वर्षांची असताना आली. तिचे उच्चार, तिची शाळा, तिचं सगळं इथलं. ती म्हणाली, "मावशी, मला वर्क-स्टडी मिळेल का? मला लायब्ररीत काम करायला आवडेल."

मिळणार नाही. केंद्राची कुठलीही मदत नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासितांसारख्या काही गटांना मिळते. एच-४ त्यात नाही. शिवाय एच-४ वरच्या मुलांना इथे काम करण्याची परवानगीच नसते, ती काही जोडीदारांना मिळते. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती मुलं वडिलांच्या व्हिसावरूनही उतरतात. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना लागणारा काळ बघता, आमच्या बे एरियातल्या कितीतरी मराठी घरांवर हे संकट टांगलेलं आहे. मंडळाच्या गणपतीत सगळे भेटतात, पण हा विषय कोणी काढत नाही.

तरी हात टेकले नाहीत. एच-४ वर असताना कॅलिफोर्नियाचं रहिवासी ठरता येतं, म्हणजे तिला ४६ डॉलरचाच दर. दोन वर्षं इथे नीट केली तर बदलीच्या हमीचा करार आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ यांपैकी एका ठिकाणी ठरलेले गुण आणि विषय पुरे केल्यास प्रवेश नक्की. पदवीवर नाव त्या विद्यापीठाचं, खर्च बराच कमी. मी वकिलाचा सल्ला घ्यायला सांगितला, एकविसाव्या वाढदिवसाच्या खूप आधी. आईने सगळं लिहून घेतलं. मुलीने विचारलं, पगार न घेता लायब्ररीत येऊन बसलं तर चालेल का? पगारी कामाच्या जागी फुकट राबणंही तिच्या व्हिसाला घातक ठरू शकतं, हे मी तिला समजावलं. अभ्यासगट चालवते ती संघटना गाठ, तिथे सभासद म्हणून जा, असं सुचवलं.

३.००

खिडकीवरच्या मुलीने मला हळूच बोलावलं. समोरचा विद्यार्थी गाडीत झोपतो, हे तिला त्याच्या पत्त्याच्या रकान्यावरून कळलं होतं. तो रकाना रिकामा होता.

आमच्याकडे बेसिक नीड्स केंद्र आहे: धान्य, अंघोळीची सोय, निवाऱ्यासाठी फोन. पण सगळ्यात टिकाऊ मदत कॅलफ्रेशची, सरकारी अन्नसाहाय्याची. तिथला एक नियम पुष्कळांना माहीत नसतो. अर्धवेळ किंवा जास्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एरवी ते नाकारलं जातं, आठवड्याला वीस तास काम नसेल तर. वर्क-स्टडी मंजूर असेल तर ही अट लागत नाही. याला ती मंजूर होती, मार्चमध्येच अर्ज केला होता पोराने. काम मात्र शोधलं नव्हतं. मी विज्ञान प्रयोगशाळेच्या भांडारात फोन केला, तिथे एक जागा होती. मंजुरीचं पत्र छापून दिलं, ते घेऊन तो केंद्रात गेला. पगाराच्या आधी पोटाची सोय होईल.

४.१०

"मला सगळे विषय सोडायचेत," एक विद्यार्थी म्हणतो. गोदामात पाळी बदलली, आता सकाळी चारला जायचं. इथे घाईने फॉर्म देणं धोक्याचं असतं. सत्राचा साठ टक्के काळ पुरा व्हायच्या आत सगळं सोडलं तर केंद्राच्या मदतीतला न कमावलेला हिस्सा परत करावा लागतो. तो परत केला नाही तर पुढची मदत थांबते, पाच वर्षांनी परत आला तरी तो आकडा वाट बघत असतो. एखादा विषय कमी केला तरी पेल घटते, कारण ती आता युनिटांच्या प्रमाणात मोजतात: बाराच्या जागी सात युनिट घेतले तर जेमतेम अठ्ठावन्न टक्के. शिवाय उत्तीर्ण होण्याचं प्रमाण घसरलं की मदतीवर इशारा येतो.

आम्ही त्याचं वेळापत्रक समोर ठेवलं. दोन विषय संध्याकाळच्या तुकडीत हलवता आले. एक सोडला, मुदतीच्या आत, म्हणजे गुणपत्रिकेवर डागही नाही. गोदामातून बाहेर पडायची इच्छा आहे का विचारलं. आहे, पण तिथे तासाला जास्त मिळतात. खरं आहे. कॅम्पसवरच्या कामात परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मिळते, साहेब स्वतः विचारतो पेपर कसा गेला. त्या सवलतीची किंमत घरभाड्याच्या तारखेला कोणी धरत नाही. त्याला मी काही पटवायला गेले नाही.

संध्याकाळी ६.३०

संगणक कक्ष उशिरापर्यंत उघडा ठेवलाय. संध्याकाळची गर्दी वेगळी, वयाने मोठी, कामाच्या गणवेशातली. एक बाई चाळिशीच्या, वृद्धाश्रमात मदतनीस. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमची पेल संपली. पेल आयुष्यभरात पूर्ण वेळच्या बारा सत्रांइतकीच मिळते. यांनी तरुणपणी एका खासगी कॉलेजात ती बरीच वापरली होती, आणि ते कॉलेज त्या शिकत असतानाच बंद पडलं. ना पदवी, ना बदली.

कॉलेज असं बंद पडलं तर तिथे खर्ची पडलेली पात्रता परत मिळते. मी त्यांचा इतिहास उघडला. काही सत्रं परत जमा झालेली दिसत होती, बाकीच्यांसाठी विनंती पाठवता येईल. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ते मोजत नाहीत?" असं त्यांनी तीनदा विचारलं. अर्ज सातच्या आधी गेला.

८.१५

अर्ज रात्री बारापर्यंत जातील, पण दार बंद करायची वेळ झाली. निघण्याआधी ऑगस्टच्या पगारपत्रकांवर सह्या. खिडकीवरच्या मुलीचे तास मला कमी वाटले. गेल्या मंगळवारी ती माझ्यासमोर पाच तास होती, पत्रकात तीन. विचारलं तर म्हणाली, "मंजूर रक्कम एप्रिलपर्यंत पुरायला हवी. लवकर संपली तर मला जावं लागेल."

काम केलेला प्रत्येक तास लिहायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तिच्यासमोर पत्रक दुरुस्त करून घेतलं. या हिशेबाने तिची वर्क-स्टडी फेब्रुवारीत संपते. त्यापुढचे तास कॉलेजच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून देता येतात, विभागप्रमुखांनी मान्य केलं तर. त्यांना मेल लिहिलाय: किती आठवडे, किती तास, किती डॉलर. उद्या साडेनऊला त्यांची वेळ मिळाली आहे.